गॅस बंद झाल्यावर

सिंगापूरमध्ये नळ उघडला की पाणी कोमटच येतं. बाराही महिने, दिवसा-रात्री, २८ अंशांच्या आसपास. पुंगोल या उपनगरातल्या एका एचडीबी, म्हणजे सरकारी योजनेतल्या, फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मी ते हातावर घेऊन पाहिलं, तेव्हा शेजारच्या शेगडीवर बारा लिटरचं स्टीलचं पातेलं उकळत होतं. शिजलेल्या धान्याचा गोडसर वास घरभर पसरला होता आणि त्यात हॉप्सच्या फुलांचा कडवट, राळेचा दर्प मिसळला होता. घरमालकीण मूळची कोल्हापूरची, खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत काम करणारी. तिचा नवरा फ्रीजरमधून बर्फाच्या पिशव्या काढून ओट्यावर मांडत होता. साठ मिनिटं भरली, तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, "ताई, इथपर्यंतचं काम कुणालाही जमतं. बिअर आता सुरू होते."

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो ‘घरी केलेलं’. लोणची, पापड, कुरडया यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आठवली ती सिंगापूरमधली मराठी घरं, जिथे शनिवारी सकाळी पातेलं चढतं आणि तीन आठवड्यांनी बारा-तेरा बाटल्या भरतात. हे कसं चालतं, का चालतं आणि कुठे बिघडतं, ते पाहायला मी गेले. ज्यांच्या घरी गेले त्यांची नावं इथे देत नाही. त्यांनी दाखवलेलं काम मात्र जसंच्या तसं सांगते.

तीस लिटरचा कायदा

सिंगापूर म्हटलं की दंडांची यादी आठवते, म्हणून या शहरात घरी बिअर करणं चालतं याचंच अनेकांना नवल वाटतं. २००४ पर्यंत त्यासाठी परवाना लागे. त्या वर्षी कस्टम्स कायद्याखाली घरगुती आंबवलेल्या पेयांना सूट देणारा आदेश निघाला. त्याच्या अटी मोजक्या आहेत. करणाऱ्याचं वय किमान १८ हवं. काम राहत्या घरातच व्हायला हवं. एका घराला महिन्याला ३० लिटरची मर्यादा. पेय स्वतःच्या वापरासाठी, विक्री अजिबात नाही. आणि फक्त आंबवणं. ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टी लावून दारू गाळणं, पूर्ण बंद.

मला हा कायदा आवडला. अधिकाऱ्याने दारात येऊन उभं राहावं असं त्यात काही नाही, आणि नागरिकाला कुठे थांबायचं ते स्पष्ट कळतं. इथे बिअरवरचा अबकारी कर तिच्यातल्या शुद्ध अल्कोहोलवर मोजतात: एका लिटर अल्कोहोलमागे ६० सिंगापूर डॉलर, २०१४ पासून. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ मिलिलिटर अल्कोहोल असतं. म्हणजे दीड डॉलर नुसता कर. घरच्या बाटलीला तो नाही. तरीही पैसे वाचवायला कुणी या वाटेला जाऊ नये. बार्ली, हॉप्स आणि यीस्ट सगळं बाहेरून येतं आणि पहिल्या वर्षाचा खर्च दुकानातल्या बाटल्यांपेक्षा सहज जास्त होतो. या छंदाकडे माणसं वळतात ती हाताला काम हवं म्हणून. त्यातले थोडे पुढेही जातात. ‘ब्रूलँडर’ हा सिंगापूरचा आज नावाजलेला ब्रँड जॉन वेई या घरगुती ब्रूअरने २०१७ साली सुरू केला.

घरी मद्य करण्याची रीत मात्र इथे या आदेशाहून फार जुनी आहे. फूचौ आणि हाक्का चिनी घरांत चिकट तांदूळ वाफवून, त्यात लाल यीस्टचा तांदूळ आणि खमिराच्या गोळ्या मिसळून मडक्यात तांदळाची वाइन घालतात. बाळंतिणीला पहिल्या महिन्यात आलं घालून त्याच वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी देतात. मलय घरांत तांदूळ किंवा कसावा आंबवून गोड ‘तापाय’ करतात. पाश्चात्त्य बिअरचा छंद या शहरात आला तेव्हा आंबवण्याची मडकी शेजारच्या घरात आधीपासूनच होती.

हातभट्टी वेगळी, आंबवण वेगळं

मराठी माणसाच्या कानावर ‘घरी केलेली दारू’ हे शब्द पडले की डोळ्यांपुढे हातभट्टी येते, आणि त्याला कारण आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ते मृत्यू मिथेनॉलमुळे झाले. हे औद्योगिक रसायन भेसळ म्हणून दारूत घातलं गेलं होतं.

बिअरमध्ये ही वाट नाही. बार्लीतल्या साखरेवर यीस्ट जगतं, इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं; धान्याच्या आंबवणात मिथेनॉल नगण्य असतं आणि ते गाळून साठवण्याची पायरीच इथे येत नाही. अर्क, म्हणजे धान्याचं गोड पाणी, तासभर उकळलेला असतो, नंतर तो आंबट होतो, त्यात अल्कोहोल तयार होतं, हॉप्सचा कडवटपणा अनेक जिवाणूंना रोखतो. या सगळ्यात रोगजंतू सहसा तग धरत नाहीत. बिघडलेली बिअर आंबते, तिला वास येतो, तोंड वाईट होतं. ती मोरीत ओतायची, एवढंच. खरे धोके दोन. एक उकळतं पातेलं. दुसरा, काचेच्या बाटलीत कोंडलेला वायू. लहान मूल घरात असेल तर दोन्हींपासून ते लांब ठेवायचं, आणि हे मी सगळ्या कृतीच्या आधी सांगते आहे ते मुद्दाम.

पाच लिटरच का

बाजारातली बहुतेक साधनं वीस-तेवीस लिटरच्या बॅचसाठी असतात. दुकानदारही तेच सुचवतो. पुंगोलच्या घरात, आणि मी पाहिलेल्या इतर घरांतही, लोक पाच लिटरच्या घाण्यावर आले आहेत, आणि माझ्या मते सिंगापूरसाठी हेच माप बरोबर आहे.

जागा कमी, हे कारण लगेच सुचतं. खरं कारण उष्णतेत आहे. वीस लिटर उकळता अर्क या शहराच्या नळाच्या पाण्याने कितीही वेळ थंड केला तरी तिशीच्या खाली येत नाही. पाच लिटर अर्काचं पातेलं सिंकमध्ये बसतं. आधी नळाच्या पाण्यात, मग बर्फाच्या पाण्यात ठेवलं आणि निर्जंतुक पळीने हलवत राहिलं की साधारण अर्ध्या तासात विशीवर येतं. पुढची गोष्ट आंबण्याची. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं. मोठ्या ड्रममध्ये ती कोंडते आणि आतलं तापमान खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी चढतं. लहान भांड्यातून ती बाहेर निघून जाते. तिसरं कारण मनाचं. पाच लिटर बिघडले तर सव्वा किलो धान्य आणि एक सकाळ गेली. वीस लिटर ओतून देताना माणूस छंदच सोडतो.

पातेल्यातला पूर्वार्ध

आपल्याकडे बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना नाचणी भिजवतात, मोड आणतात, वाळवतात. मॉल्ट म्हणजे बार्लीला नेमकं हेच केलेलं. मोड येताना दाण्यात जी विकरं जागी होतात ती पिष्टाची साखर करू शकतात. मोड वाढायच्या आत दाणा वाळवला की ती दाण्यातच टिकून राहतात आणि गरम पाणी मिळालं की पुन्हा कामाला लागतात. पॉलिश केलेल्या तांदळाला हे जमत नाही, म्हणून चिनी वाइनमध्ये ते काम लाल तांदळातली आणि खमिराच्या गोळ्यांतली बुरशी करते.

पाच लिटरच्या साध्या ‘पेल एल’ बिअरसाठी १.२ किलो फिकट मॉल्ट लागतो, दुकानातूनच भरडून घेतलेला. पातेल्यात साडेसात लिटर पाणी ७० अंशांवर आणायचं, त्यात जाळीची कापडी पिशवी सोडायची आणि पिशवीत भरड. पाणी ६६-६७ अंशांवर स्थिरावतं. झाकण लावून, पातेल्याभोवती जाड टॉवेल गुंडाळून तासभर तसंच ठेवायचं. पिशवीतली ही रीत ऑस्ट्रेलियातल्या घरगुती ब्रूअरांनी रूढ केली आणि तिने दोन जादा भांडी वाचवली. तापमान दोन-चार अंश खाली राहिलं तर बिअर पातळ आणि कोरडी होते, वर गेलं तर जाड आणि गोडसर. ७५ च्या पुढे विकरं मरतात. पिष्ट संपलं का ते पाहायला बशीत थेंबभर अर्क घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीन टाकायचं. निळं-काळं झालं तर आणखी पंधरा मिनिटं थांबायचं.

पिशवी उचलून पिळायची आणि अर्क तासभर उकळायचा. उकळी फुटताच दहा ग्रॅम हॉप्स, साधारण सहा टक्के आल्फा आम्लाचे, हे कडवटपणासाठी. गॅस बंद करण्याच्या पाच मिनिटं आधी आणखी दहा-पंधरा ग्रॅम, हे वासासाठी. हॉप्सची वेल थंड प्रदेशातली, त्यामुळे इथे सगळे हॉप्स गोळ्यांच्या रूपात निर्वात पाकिटातून येतात. पाकीट फोडलं की उरलेले फ्रीजरमध्येच ठेवायचे. भरडही हवाबंद डब्यात. इथल्या दमटपणात उघड्या मॉल्टला आठवड्या-दोन आठवड्यांत पोरकिडे लागतात.

उरलेल्या चोथ्याचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. तो ओला असताना कचऱ्याच्या शूटमध्ये टाकला तर दुसऱ्या दिवशी आंबट वास सुटतो आणि शेजारी विचारतात. पुंगोलच्या घरात तो ओव्हनमध्ये वाळवून दळतात आणि भाजणीत मूठभर मिसळतात. थालीपीठ खरपूस होतं. मुठीपेक्षा जास्त घातलं तर तुसं घशाला टोचतात, असं घरमालकिणीच्या सासूबाईंचं मत, आणि मी खाल्लं त्यावरून ते बरोबर आहे.

डोंगर नसलेलं शहर

इथपर्यंत पाककृती आहे. ती पुण्यात, लंडनमध्ये, सिंगापूरमध्ये सारखीच. फरक यानंतर पडतो.

नेहमीचं एल यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट काम करतं. सिंगापूरच्या स्वयंपाकघरात दिवसा ३० अंश असतात. त्या तापमानाला यीस्ट मरत नाही, उलट पिसाट वेगाने कामाला लागतं, आणि त्या घाईत जड अल्कोहोलं तयार करतं. त्यांना स्पिरिटसारखा झोंबरा वास येतो. बरोबरच पिकल्या केळ्याचा, नेलपॉलिशचा वास. इथल्या नवशिक्यांच्या पहिल्या बाटल्या बहुधा अशाच निघतात आणि ते दोष देतात मॉल्टला, नाहीतर हॉप्सना.

ही अडचण जुनी आहे. १९ व्या शतकात ब्रिटिशांना हिंदुस्थानात बिअर करायची होती तेव्हा ते हिमालयात कसौलीला चढले, कारण थंडी तिथे होती. सिंगापूरचा सगळ्यात उंच डोंगर बुकित तिमा, उंची १६३ मीटर. इथे चढायला जागाच नव्हती. लागर बिअरला तर आठ-दहा अंशांची थंडी लागते. त्यामुळे या बेटावर मोठी बिअर आली ती यंत्राने केलेल्या थंडीबरोबर. कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात जर्मनीत ब्रूअरींसाठी शीतयंत्रं तयार केली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ती विषुववृत्तापर्यंत पोचली. १९३१ साली फ्रेझर अँड नीव्ह आणि हायनेकन यांनी मिळून मलायन ब्रूअरीज काढली, १९३२ मध्ये ‘टायगर’ बाजारात आली. त्याच सुमारास जर्मन भांडवलावर आर्किपेलागो ब्रूअरी उभी राहिली होती. दुसऱ्या महायुद्धात ती शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त झाली आणि मलायन ब्रूअरीजकडे गेली. दोन्हींच्या मुळाशी शीतयंत्र होतं.

घरगुती ब्रूअरला तेच लहान प्रमाणात करायचं असतं. जुराँगमध्ये एका मराठी इंजिनिअरने जुना एकदारी फ्रीज विकत घेऊन त्याला बाहेरून तापनियंत्रक जोडला आहे. नियंत्रकाची तार आंबणाऱ्या भांड्याच्या अंगाला चिकटवलेली, तिच्यावर फोमचा तुकडा, म्हणजे ती हवेचं नाही तर द्रवाचं तापमान वाचते. १९ वर लावलं की २० च्या वर जाऊ लागताच फ्रीज सुरू होतो. हा सगळ्यात खात्रीचा उपाय, पण दुसरा फ्रीज ठेवायला जागा हवी.

जागा नसेल तर चांगल्या जाडीची शीतपेटी किंवा थर्मल पिशवी घ्यायची. पाच लिटरचं भांडं तिच्यात बसतं. शेजारी दोन गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. सकाळी कामावर जाताना बदलायच्या, संध्याकाळी आल्यावर बदलायच्या. आतलं तापमान १९-२१ मध्ये राहतं. हे फक्त पहिले तीन-चार दिवस काटेकोर पाळावं लागतं, कारण चवीचं बरं-वाईट त्यातच ठरतं. नंतर भांडं बाहेर ठेवून तापमान हळूहळू वाढू दिलं तर उलट चांगलं. यीस्ट उरलेलं काम पुरं करतं. ओला टॉवेल आणि पंखा हा उपाय पुष्कळ पुस्तकांत सापडेल. विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात तो चालेल. सिंगापूरच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या घरात, पाणी उडतच नाही. जेमतेम दोन-तीन अंश मिळतात आणि टॉवेलला बुरशी येते.

नॉर्वेहून आलेलं यीस्ट

आणि मग एक वाट अशी सापडली की जिने थंडीची गरजच संपवली, तीही थंड देशातून.

पश्चिम नॉर्वेत व्हॉस आणि आसपासच्या खोऱ्यांत शेतकरी घरं पिढ्यान्‌पिढ्या आपापलं यीस्ट राखून होती. लाकडी कड्यांवर किंवा कापडावर ते वाळवून ठेवायचं आणि पुढच्या वेळी अर्कात सोडायचं. या यीस्टला तिकडे ‘क्वाइक’ म्हणतात. लार्स मारियुस गार्शोल या नॉर्वेजियन लेखकाने खेडोपाडी फिरून ही परंपरा नोंदवली आणि गेल्या दशकात जगभरच्या ब्रूअरांना तिची ओळख झाली. व्हॉसचं क्वाइक ३५ ते ४० अंशांत सगळ्यात खुलतं. ज्या उष्णतेत इतर यीस्ट बिअर नासवतात त्या उष्णतेत हे स्वच्छ काम करतं आणि संत्र्याच्या सालीचा हलका वास ठेवून जातं.

सिंगापूरच्या स्वयंपाकघराला हे वरदान आहे. अर्क ३५ अंशांपर्यंत थंड झाला की पुरे. बर्फाची गरज नाही, फ्रीजची नाही, पेटीची नाही. उलट पुंगोलच्या घरात मी पाहिलं, क्वाइकच्या भांड्याला रात्री गोधडी गुंडाळली होती, एसीच्या खोलीतली थंडी लागू नये म्हणून. आंबण तीन ते पाच दिवसांत संपतं. एक काळजी मात्र घ्यायची: क्वाइक खादाड आहे, हलक्या अर्कात त्याला पोषण कमी पडतं, म्हणून चिमूटभर यीस्टचं खाद्य उकळत्या अर्कात टाकायचं. पाच लिटरला कोरडं यीस्ट तीन-चार ग्रॅम पुरतं. उरलेलं पाकीट घट्ट बंद करून फ्रीजमध्ये.

नवीन माणसाने सुरुवात क्वाइकने करावी असं मला मनापासून वाटतं. पहिल्या घाण्यात हाताला काम कळतं, तापमानाशी झुंज दुसऱ्यात करता येते.

पाण्याची बाजू

पीयूबी ही सिंगापूरची पाणीपुरवठा संस्था. तिचं पाणी प्यायला उत्तम, बिअरलाही चांगलं: मृदू, क्षार कमी. फिकट बिअरला असंच पाणी लागतं. हॉप्सचा कडवटपणा धारदार हवा असेल तर ग्रॅम-दीड ग्रॅम जिप्सम पाण्यात विरघळवायचं. अडचण एकच. निर्जंतुकीकरणासाठी या पाण्यात क्लोरामाइन असतं. क्लोरीन उकळून किंवा रात्रभर उघडं ठेवून उडतं, क्लोरामाइन तसं सहज उडत नाही. ते मॉल्टमधल्या फिनॉलांशी जुळलं की बिअरला चिकटपट्टीचा, दवाखान्याचा वास येतो, आणि तो इतका सूक्ष्म प्रमाणात जाणवतो की लपत नाही. उपाय स्वस्त आहे. मेटाबायसल्फाइटची कॅम्पडेन गोळी मिळते. आठ लिटर पाण्याला तिचा दहावा भाग, चुरून, ढवळून. काही मिनिटांत काम होतं. फिल्टरवर विसंबण्यापेक्षा मी हाच मार्ग धरेन.

याच पाण्याने सिंगापूरला एक वेगळी बिअरही दिली. सांडपाणी सूक्ष्म गाळणी, उलट परासरण आणि अतिनील किरणांतून शुद्ध करून केलेलं ‘न्यूवॉटर’ इथे २००३ पासून आहे. पीयूबी आणि ‘ब्रूवर्क्स’ ही १९९७ पासूनची स्थानिक ब्रूअरी, या दोघांनी त्या पाण्यापासून ‘न्यूब्रू’ केली आणि २०२२ साली ती विक्रीला आली. पाण्याची किळस घालवायला बिअर वापरायची, हा विचार मला फार नेमका वाटला: पेला हातात घेतलेला माणूस पाण्याच्या उगमापेक्षा चवीकडे लक्ष देतो.

स्वच्छता, मोजणी, बाटली

गॅस बंद झाल्यानंतर जे जे अर्काला लागेल ते निर्जंतुक हवं. हे वाक्य प्रत्येक घरात मला ऐकवलं गेलं. आधी धुणं, नंतर निर्जंतुक करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. कडा-कोपऱ्यात चिकटलेला थर सोडियम परकार्बोनेटच्या गरम पाण्याने काढायचा; त्यानंतर फॉस्फरिक आम्लावर आधारलेलं, परत धुवावं न लागणारं द्रावण फवारायचं. साबणाचा फेस राहिला तर बिअरचा फेस टिकत नाही. सिंगापूरच्या हवेत जंगली यीस्ट आणि दह्याचे जिवाणू वर्षभर तरंगत असतात, चिलटं तर आंबट वासावर लगेच येतात. म्हणून झाकण उघडून डोकावायचं नाही. हवेची नळी बुडबुडे सोडते आहे का, एवढंच बाहेरून बघायचं.

बुडबुडे थांबले म्हणजे आंबण संपलं असं नाही. हायड्रोमीटर हाच न्याय करतो. वरच्या प्रमाणाने सुरुवातीची घनता १.०५० च्या आसपास येते आणि शेवटी १.०१० ते १.०१२ वर थांबते; म्हणजे अल्कोहोल पाच टक्क्यांच्या थोडं पुढे. सिंगापूरमध्ये इथे एक चकवा आहे. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात. ३० अंशांचा नमुना साधारण ०.००२५ ने कमी दाखवतो. तेवढे मिळवायचे. आणि दोन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मोजमापं सारखी आली, तरच बाटलीचं नाव काढायचं.

कारण बाटलीत पुन्हा साखर जाते. लिटरला सहा-सात ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून, मोजून; चमच्याच्या अंदाजाने कधीही नाही. ही साखर यीस्ट खातं आणि वायू बाटलीत कोंडतो. आधीची साखर शिल्लक असेल तर दाब वाढत जातो, आणि तीस अंशांच्या कपाटात तो झपाट्याने वाढतो. काच फुटली तर तुकडे खोलीभर उडतात. म्हणून जुराँगचा इंजिनिअर प्रत्येक घाण्यातली एक बाटली प्लास्टिकची भरतो. ती रोज दाबून बघायची. दगडासारखी कडक झाली की सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये. बाटल्या तपकिरी, जाड काचेच्या, वरून झाकणयंत्राने बूच लावलेल्या. हिरव्या-पांढऱ्या काचेतून ऊन गेलं की हॉप्सची संयुगं मोडतात आणि घाणेरडा गंधकाचा वास येतो. बाल्कनीत बाटल्या ठेवणाऱ्यांना याचा अर्थ लगेच कळतो. उष्णतेचा एक फायदा शेवटी मिळतो: थंड देशात बाटलीत वायू भरायला दोन-तीन आठवडे जातात, इथे आठ-दहा दिवसांत होतं.

टेक्का बाजारातून

लिटल इंडियातल्या टेक्का बाजारात एका सकाळी मी पुंगोलच्या मंडळींबरोबर गेले. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला धणे आणि संत्र्याची साल लागते. पाच लिटरला तीन-चार ग्रॅम धणे, जाडसर कुटून, शेवटच्या पाच मिनिटांत. तिथले धणे ताजे आणि स्वस्त. घरमालकिणीने शेजारच्या गाळ्यावरून गुला मलाका घेतला. नारळाच्या फुलोऱ्याच्या रसाचा हा गूळ दीडशे ग्रॅम घातला की गडद एलमध्ये खमंग चव येते, आणि साखर असल्याने अल्कोहोलही थोडं वाढतं हे हिशेबात धरायचं. आमसुलांचा प्रयोग तिच्या वहीत आहे: आंबण संपल्यावर धुऊन, वाफवून टाकलेली चार-पाच आमसुलं. रंग सुंदर आला. मीठ लावलेली आमसुलं घेऊ नयेत अशी टीपही शेजारी आहे.

ती वही मला सगळ्यात मोलाची वाटली. प्रत्येक पानावर पाण्याचं माप, तापमानं, तारखा, चव. आणि एक नियम तिने स्वतःला घालून घेतला आहे: एका घाण्यात एकच गोष्ट बदलायची. हॉप्स बदलले तर यीस्ट तेच. नाहीतर काय कशामुळे झालं ते कधीच कळत नाही.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी

हे सगळं वाचून पुण्या-मुंबईत कुणी पातेलं चढवू नये. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. बिअर पिण्याचं किमान वयही इथे २१ आहे. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाल्यापासून सूक्ष्म ब्रूअरी वाढत गेल्या, पण त्या परवानाधारक व्यवसाय आहेत. घरगुती आंबवणाला सिंगापूरसारखी छोटी, स्पष्ट सूट आपल्याकडे असावी असं माझं मत आहे: लिटरची मर्यादा, विक्री बंद, भट्टी बंद. हातभट्टीशी लढायला त्याने अडथळा येत नाही, कारण मालवणीत जे घडलं ते विक्रीच्या साखळीत घडलं.

सिंगापूरच्या मराठी घरांत मात्र दिवाळीचा घाणा आता पंचांगावर बसवला जातो. दसऱ्याला अर्क उकळतो. क्वाइक असेल तर कोजागरीपर्यंत, म्हणजे पाच दिवसांत, आंबण उरकतं. घनता दोनदा मोजून पुढच्या दोन-तीन दिवसांत बाटल्या भरतात. तिथून लक्ष्मीपूजनापर्यंत बारा दिवस उरतात आणि वायू भरायला तेवढे पुरतात. नेहमीचं यीस्ट वापरायचं असेल तर घटस्थापनेच्या आधीच सुरुवात करावी लागते. पूजेच्या दिवशी बाटलीला हात लावायचा नाही असं बहुतेक घरांत ठरलेलं असतं. मित्रमंडळी येतात ती पाडव्यानंतरच्या शनिवारी. त्यांच्यासाठी बाटल्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये उभ्या ठेवायच्या, आडव्या नाही, म्हणजे तळाचा यीस्टचा थर खाली बसतो, आणि ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीतच सोडायचा.